गेलं तरी चालेल एवढं

युसूफ वडगाव, ता. केज
२२ ऑक्टोबर २००१

चि. मृत्युंजय,

मामाचा आशीर्वाद. वीरभद्राच्या कृपेने तू मुंबईत सुखरूप असशील असं धरून चालतो. इथे सगळं ठीक आहे, तुझ्या मामीचे गुडघे सोडून.

गणपतीत आलास तेव्हा दुकानाच्या ओट्यावर बसून तू मला तुझ्या दलालाच्या ऑफिसातला शेअरचा नवा धंदा सांगितलास आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने पसार झालास. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तीस वर्षं किराणा विकतोय. गूळ, तेल, मिरची, सगळ्यांची तेजी-मंदी पाहिली. पण वस्तू घ्यायची नाही, ठेवायची नाही आणि तरी तिच्या भाववाढीचा नफा खायचा, हे कसं ते मला उमगत नाही. भाच्याला कळतं आणि मामाला कळत नाही, ही गोष्ट तर मुळीच पचत नाही.

मला समजलं ते असं. बाजारात वीस हजारांच्या बैलजोडीला मी पाचशे रुपये विसार दिला. महिन्याभरात जोडी पंचवीसला गेली तर मी ठरल्या भावाने घेऊन मोकळा. भाव पडला तर पाचशेवर पाणी सोडायचं आणि घरी यायचं. बरोबर का? मग पाचशे किमतीतून वजा होतात ना? आणि नुकसान जर विसाराएवढंच, तर बाकीची दुनिया पूर्ण पैसे भरून शेअर घेते ती वेडी आहे काय?

सध्या मी गडबडीत आहे. दसरा चार दिवसांवर आला. गावातल्या नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला निघाल्या की जाण्याआधी आपापली ठेव आपल्याकडे आणून देतात, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. काल शहादेव आणि मंजुळाबाई चोवीस हजार ठेवून गेले. पाच वर्षं साठवलेत. पिठाची गिरणी घ्यायची आणि कोयता कायमचा खुंटीला लावायचा, असं मंजुळाबाईच्या मनात आहे. आपली रीत तुला ठाऊक आहे. ज्या फडक्यात आलं त्याच फडक्यात परत जातं, नोटसुद्धा बदलत नाही. पावती नाही, कागद नाही. कपाट भरत आलं आहे.

उत्तर सविस्तर लिही.

मल्लिनाथमामा

मुंबई
३० ऑक्टोबर २००१

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून ऑफिसात एकटाच हसलो. बैलजोडीचा दाखला जवळजवळ बरोबर आहे. फरक दोन. पहिला, हा विसार किमतीतून वजा होत नाही. दिला तो गेलाच. त्याला आम्ही प्रीमियम म्हणतो. दुसरा, या विसाराची किंमत रोज उतरते. तुमच्या दुकानातल्या विड्याच्या पानांसारखं आहे. गिऱ्हाईक आलं नाही तरी पान सुकतंच. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी मुदत संपते. त्या दिवशी शेअर ठरल्या भावाच्या वर नसेल तर हातात काही राहत नाही.

म्हणून कोणता शेअर चढेल हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की किती घ्यायचं. विसार स्वस्त दिसतो म्हणून माणसं ढीगभर घेतात आणि बुडतात. आमच्याकडचे जुने लोक पाळतात तो नियम सांगतो. आधी आपली मोकळी रक्कम मोजायची, म्हणजे जी पुढचे पाच-सहा महिने कोणाला लागणार नाही ती. तिचा दहावा हिस्सा हे वर्षभराचं नुकसानीचं कुंपण. तेवढं गेलं की वर्षभर हात लावायचा नाही. आणि त्या कुंपणाचा फक्त पाचवा हिस्सा एका खरेदीत घालायचा. दिलेला सगळा विसार गेला असं आधीच धरून, रात्री झोप लागेल का ते स्वतःला विचारायचं.

सध्या एका सिमेंट कंपनीचा कॉल, म्हणजे ठरल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क, शेअरमागे साडेचार रुपयांना मिळतोय. एक लॉट बाराशे शेअरचा, म्हणजे पाच हजार चारशे रुपये. अर्धा लॉट मिळत नाही.

आईला दिंद्रुडला निरोप द्या, की मी जेवतो. मामींना नमस्कार.

मृत्युंजय

युसूफ वडगाव
६ नोव्हेंबर २००१

चि. मृत्युंजय,

तुझ्या पत्राची तीन पारायणं झाली. काल गिऱ्हाईक खोळंबलं होतं आणि मी गुळाच्या कागदावर भागाकार करत बसलो होतो. तुझी मामी म्हणाली, दुकान तरी बंद करा नाहीतर वही तरी.

माझी मोकळी रक्कम साठ हजार. दहावा हिस्सा सहा हजार. त्याचा पाचवा बाराशे. लॉट चोपन्नशेचा. आता बाराशेत चोपन्नशेचे लॉट किती बसतात? शून्य. मी उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. बंकटच्या एस.टी.डी. बूथवर कॅल्क्युलेटर आहे, त्यावरही पाहिलं. तोही शून्य म्हणतो. बंकट म्हणाला, अप्पा, मशीन बिघडलं न्हाई.

शून्य घ्यायचं म्हणजे नेमकं काय घ्यायचं? हा नियम मोठ्या माणसांनी स्वतःसाठी केलेला दिसतो. मी एवढा गोंधळलो आहे, की परवा साखरेच्या गिऱ्हाइकाला मीठ बांधून दिलं.

मल्लिनाथमामा

मुंबई
१२ नोव्हेंबर २००१

ती. मामांस नमस्कार.

शून्य आलं तर शून्यच, मामा. नियमच सांगतो आहे, की घेऊ नका. त्यात कमीपणा काही नाही.

तरी तुम्ही विचारता म्हणून उलटा हिशोब लिहितो. मोकळी रक्कम दोन लाख सत्तर हजार असती, तर कुंपण सत्तावीस हजारांचं झालं असतं आणि एक लॉट बरोबर बसला असता. मोजताना काही राहिलं असेल तर पुन्हा एकदा पाहा. खातं उघडायचा फॉर्म सोबत पाठवतो. भरायलाच हवा असं नाही.

दिवाळीच्या शुभेच्छा. सुट्टी नाही, त्यामुळे येता येणार नाही.

मृत्युंजय

युसूफ वडगाव
१९ नोव्हेंबर २००१

चि. मृत्युंजय,

भाचेबुवा, मोजणीत माझीच चूक होती. लक्ष्मीपूजनाला सगळं पुढे मांडलं तेव्हा ध्यानात आलं. दुकानातला माल नव्वद हजारांचा आहे, तो मी धरलाच नव्हता. आणि कपाटात एक लाख वीस हजार आहेत. तू लिहिलंस तसे ते पाच-सहा महिने कोणालाच लागणार नाहीत. साठ, नव्वद आणि एकशेवीस, बेरीज कर. बरोबर दोन लाख सत्तर. देवानेच आकडा जुळवला म्हणायचं.

फॉर्म भरून पाठवतो आहे. सोबत गल्ल्यातल्या पैशाचा सहा हजारांचा ड्राफ्ट आहे. सिमेंटचा एक लॉट घे. एकच. नियम म्हणजे नियम.

ड्राफ्ट पाठवल्याचं मामीला मी काही सांगितलेलं नाही. तुझं पत्र वाचून दाखवलं होतं, तेव्हा तिला विड्याच्या पानापर्यंत समजलं, पुढे ती म्हणाली, सुकणारी पानं विकत घेऊन कोण शहाणा झालाय.

मल्लिनाथमामा

मुंबई
५ डिसेंबर २००१

ती. मामांस नमस्कार.

अभिनंदन. काल बाजार चढला आणि तुमचा साडेचारचा कॉल अकराला विकला. तेरा हजार दोनशे आले, म्हणजे नफा सात हजार आठशे. दलाली कापून चेक रजिस्टरने पाठवला आहे.

एक सांगतो. हे नेहमी होत नाही. कृपा करून काही दिवस थांबा.

मृत्युंजय

युसूफ वडगाव
१० डिसेंबर २००१

चि. मृत्युंजय,

चेक पोचला. दुकानाला काचेचं शोकेस केलं. बिस्किटांचे पुडे त्यात असे शोभतात, की माणसं आधी पाहतात आणि मग मागतात. खरंच सांगतो, एवढा आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

तू थांबा म्हणतोस. पण अरे, बोहनी झाली की दुकान बंद करतात का? मी नियम पुन्हा वाचला. एका खरेदीत कुंपणाचा पाचवा हिस्सा. ठीक. तू चेकसोबत पाठवलेल्या पेपरच्या कात्रणात पाच सिमेंट कंपन्या आहेत, प्रत्येकीचा एक लॉट साधारण तेवढ्यालाच पडतो. तेव्हा प्रत्येकीचा एकेक घे. प्रत्येक खरेदी पाचव्या हिश्श्याचीच आहे. मिळून सत्तावीस हजार, म्हणजे कुंपणाच्या आत. यात मी काय मोडलं ते दाखव. ऊसतोडीचा मुकादमसुद्धा दहा जोड्या हव्या असल्या तर बारांना उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, दोन पळून जाणार हे धरूनच. माझ्या पाचातल्या दोन पळाल्या तरी तीन कामाला येतील.

मुदत जानेवारीअखेरची धर. सत्तावीस हजारांचा ड्राफ्ट सोबत आहे. पैसे पडूनच आहेत. गुढीपाडव्याला जोड्या परत येईपर्यंत त्यांना कोणी विचारत नाही, आणि जानेवारीअखेर ते परत जागेवर आलेले असतील.

मल्लिनाथमामा

मुंबई
४ फेब्रुवारी २००२

ती. मामांस नमस्कार.

हे पत्र लिहायला मी चार दिवस घेतले. गुरुवारी मुदत संपली. पाचही लॉट कोरे गेले. सत्तावीस हजारांतलं काही उरलं नाही.

परवा फोनवर हे ऐकून तुम्ही विचारत होतात, की सिमेंटचा भाव पडला नाही, डिसेंबरात होता तिथेच आहे, मग पैसे गेले कुठे. भाव जागेवर राहिला म्हणूनच गेले, मामा. तो चढायला हवा होता आणि मुदतीच्या आत चढायला हवा होता. पाच कंपन्या दिसायला पाच, पण सगळ्यांचा धंदा एक आणि तारीख एक. मुकादमाच्या बारा जोड्या एकाच घरातल्या असल्या तर पळताना सगळ्या मिळून पळतात. हे मी डिसेंबरात नीट बजावायला हवं होतं. तेव्हा फोनवर मी ‘बघा बुवा’ एवढंच म्हणालो आणि ऑर्डर टाकली.

हे वर्षभराचं कुंपण होतं. आता यंदा काही नाही. मोकळ्या रकमेतले होते हा त्यातल्या त्यात दिलासा.

मृत्युंजय

युसूफ वडगाव
१७ फेब्रुवारी २००२

चि. मृत्युंजयला मामीचा आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. हे मामांना न सांगता लिहिते आहे. ते दोन दिवस जेवलेले नाहीत.

शुक्रवारी दुपारी मंजुळाबाई आली. एकटी. कारखान्यावरून एस.टी. बदलत बदलत आली होती, पायांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे तसेच. नेकनूरला एकाची पिठाची गिरणी मोटारीसकट विकायची आहे, बावीस हजारांत. शहादेवने त्या गिरणीसाठी पाचशे विसार दिला होता आणि सोमवारपर्यंत बाकीचे द्यायचे ठरले होते. ती एवढी खुशीत होती, की मी दिलेलं पाणीही तिने उभ्यानेच घेतलं. म्हणाली, अक्का, औंदाचा हा शेवटचा ऊस.

मामा कपाटाकडे गेले. बराच वेळ आलेच नाहीत. मग तिचं हिरवं फडकं घेऊन आले आणि शोकेसवर ठेवलं. नुसतं फडकं होतं, घडी घातलेलं. मला काहीच समजेना. मला वाटलं चोरी झाली. मी ओरडणार तेवढ्यात ते म्हणाले, मी घेतले. मग ते सिमेंट, गुरुवार, कुंपण असं काहीबाही सांगत सुटले. मंजुळाबाई माझ्याकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे. दोघींनाही त्यातलं एक अक्षर कळलं नाही. एवढंच कळलं, की पैसे नाहीत.

ती रडली नाही, भांडली नाही. तिने विचारलं, “कावून घेतलं, अप्पा? तुमाला काय कमी हुतं?” मग ती म्हणाली, “इचारायचं तरी. मी न्हाई म्हन्ले असते, पर इचारायचं तरी.”

मी माझ्याजवळचे अकराशे तिच्या हातावर ठेवायला गेले. तिने घेतले नाहीत. अकराशेत गिरणी येत नाही, हे मलाही कळत होतं. मामा गावात फिरले, पण फेब्रुवारीत कोणाकडे रोकड असते? आमचे साठ हजार दिवाळीपासून उधारीत अडकलेत, सगळ्यांची उधारी पाडव्याला येणार, आणि कपाटातल्या दुसऱ्यांच्या फडक्यांना ते आता हात लावत नाहीत. सोमवार उद्या आहे. गिरणीवर बीडचा एक माणूस टपून बसला आहे म्हणतात.

मला एक सांग. तू एवढा शिकलेला. त्यांनी कपाटातले लोकांचे पैसे आपले म्हणून मोजले, तेव्हा तुला शंका आली नाही का? त्या कपाटात काय असतं हे तुला लहानपणापासून माहीत आहे. की आली होती?

महानंदामामी

मुंबई
२५ फेब्रुवारी २००२

ती. मामा आणि मामी यांस नमस्कार.

मामी, शंका आली होती. ‘कपाटात एक लाख वीस हजार’ हे वाचलं तेव्हा मी तिथेच थांबलो होतो. मग पुढे वाचलं.

मी मोकळ्या रकमेची व्याख्या लिहिली ती अर्धी होती. ‘जी कोणाला लागणार नाही’ असं लिहिलं. ‘जी तुमची स्वतःची आहे’ हे लिहिलं नाही. नंतर लिहिता आलं असतं, तेही लिहिलं नाही. आमच्या शेठनी मला सांगितलं होतं, की मार्चपर्यंत दहा खाती आण, तर नोकरी पक्की. नऊ झाली होती. तुमचं दहावं.

नोकरी पक्की झाली. आईला मी पेढे पाठवायला सांगितले होते, ते पोचले असतील तर खाऊ नका.

तीन हजारांची मनीऑर्डर करतो आहे. दर महिन्याला करीन. मंजुळाबाईंना काय सांगावं हे मला सुचत नाही.

मृत्युंजय

युसूफ वडगाव
१८ ऑक्टोबर २००२

चि. मृत्युंजय,

आठ महिने तुला लिहिलं नाही. राग होता. आधी तुझा होता, मग माझाच माझ्यावर होता. आता लिहितो.

मंजुळाबाईचे चोवीस हजार मी पाडव्यानंतर पोचते केले, ते तुला मामीने कळवलं होतं. शोकेस विकलं, उधारी गोळा केली, तुझे आले ते घातले. वर विसाराचे पाचशे दिले. तिने मोजून घेतले. पूर्वी कधी मोजले नव्हते. पण गिरणी तर गेलीच. नेकनूरची बीडला गेली आणि तेवढ्या पैशात दुसरी मिळाली नाही. म्हणजे या वर्षी ती दोघं पुन्हा उसाला निघाली, ते माझ्यामुळे. हे मी मनाशी रोज म्हणतो. त्याने फरक काही पडत नाही.

दसरा झाला. आज गाड्या भरल्या. दरवर्षी आपल्या ओट्यावर या दिवसांत बसायला जागा नसते. यंदा माणसं रस्त्यावरूनच रामराम करत गेली. तंबाखू घेतली, काडेपेटी घेतली. ठेवायला कोणी काही आणलं नाही. मीही विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत कपाट रिकामं होतं आणि मी उगाच त्याच्या फळ्या पुसत होतो. मामी म्हणाली, पुसून काय होणार.

मग मंजुळाबाई आली. शहादेव गाडीपाशी थांबला, वर आला नाही. तिच्या हातात फडकं नव्हतं. शंभराच्या पाच नोटा तशाच मुठीत होत्या. म्हणाली, “अप्पा, येवढे ठिवा.”

मी गोंधळलो. म्हणालो, माझ्याकडे? ती म्हणाली, “हां. आईच्या बखतापासून हितंच ठिवतो आमी.” मी बाकीच्या पैशांचं विचारलं. विचारायचा मला हक्क नव्हता, पण तोंडातून गेलं. तिने न लपवता सांगितलं. काही पोस्टात, काही भावाकडे, काही लेकीच्या नावावर बँकेत. एका जागी आता ठेवत नाही म्हणाली. मी विचारलं, मग हे पाचशे तरी इथे कशाला?

ती म्हणाली, “हे गेले तरी चालंल, अप्पा. येवढेच हायत तसले.”

टोमणा नव्हता. पानाला चुना कमी लाव म्हणावं तशी ती बोलली आणि पायऱ्या उतरून गेली. गाडी वळणापलीकडे गेली तरी नोटा माझ्या हातातच होत्या.

मृत्युंजय, तुझा नियम तिला कोणी शिकवलेला नाही. मी गुळाच्या कागदावर, बंकटच्या मशीनवर, लक्ष्मीसमोर बसून तो हिशोब केला आणि चुकलो. तिने मुठीतल्या मुठीत केला. माझ्यावर किती लावायचं, ते तिने ठरवलं.

मामीच्या जुन्या लुगड्याचं फडकं फाडून घेतलं, त्यात त्या पाच नोटा बांधल्या आणि मधल्या फळीवर ठेवल्या. त्यावर तिचं नाव लिहिलं. तीस वर्षांत कधी कोणाचं लिहिलं नव्हतं. पाडव्याला याच नोटा तिला परत जातील.

दुपारपासून मी धरून चाललो होतो, की माझ्या वाट्याला शून्य येणार. शून्य आलं नाही.

तुझा,
मल्लिनाथमामा